पावसाळ्यात टिकणारं हब: सिंगल स्पीड सायकलच्या कामाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जातो. येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर, वाटेत विद्यापीठाच्या बाजूचा चढ, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. या रस्त्यासाठी जुन्या दहा गिअरच्या स्टील फ्रेमची सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची सायकल करायला घेतली आहे. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), लिव्हर, केबल काढून टाकणं सोपं असतं. अडतं ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, आरे अडकवलेल्या भागावर. म्हणून या नोंदी बहुतेक हबच्याच आहेत. ज्यांना हेच काम करायचंय त्यांना मापं आणि किमती उपयोगी पडतील. किमती २०२४ च्या, मला इथे किंवा ऑनलाइन जशा पडल्या तशा दिल्या आहेत.

अटी दोनच. टायर-ट्यूब सोडून दोन्ही चाकं सहा हजारांत बसायला हवीत, आणि भर पावसात हब सारखं उघडावं लागता कामा नये.

आज नुसती मापं घेतली. फ्रेमला मागे एक्सल (चाकाचा मधला दांडा) बसतो त्या दोन खाचांमधलं आतलं अंतर व्हर्निअरने १२६ मिमी भरलं. पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) १००. मागच्या खाचा आडव्या आहेत, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येईल. सिंगल स्पीड करायला फ्रेम घेणार असाल तर आधी हे बघा. खाचा उभ्या असतील तर चेन ताणायला वेगळा जुगाड लागतो.

जुनी चाकं २७ इंची आहेत, क्रोमच्या रिमला गंज धरलाय. २७ इंची टायर आता शोधत फिरावं लागतं, म्हणून ७००सी मापाची चाकं घेणार. दोन्हीच्या रिमच्या व्यासात ८ मिमीचा फरक आहे (६३० आणि ६२२), म्हणजे ब्रेकचे गुटके ४ मिमी खाली यायला हवेत. माझ्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे, लावून पाहिलं.

जुनं मागचं हब उघडलं. ग्रीसचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला, म्हणजे पाणी आत गेलेलं. उजव्या कोनावर खड्डे, आणि वाटीतही खड्डे. (कोन एक्सलवर असतो, वाटी हबच्या अंगात, आणि दोन्हींच्या मध्ये छर्रे फिरतात.) कोन बदलता येतो. वाटी हबच्या अंगात दाबून बसवलेली असते, ती मिळतही नाही आणि सहज निघतही नाही. वाटी गेली की हब गेलं. ही गोष्ट पुढच्या सगळ्या निवडीत डोक्यात ठेवायची आहे.

२१ एप्रिल

आज पर्याय बघत फिरलो. गल्लीतल्या मिस्त्री काकांकडे पहिल्यांदा गेलो, कारण त्यांच्याकडे रोज चाकं येतात.

त्यांनी साध्या काळ्या सायकलचं हब पुढे केलं. लुधियानाचं, लोखंडी, मागचं अडीचशेच्या आसपास. जुन्या घडणीच्या हबला मधोमध तेलाचं भोक असतं आणि त्यावर फिरणारी पत्र्याची पट्टी. काका म्हणाले, "ह्याला ग्रीसपेक्षा तेल पाज. आठवड्याला चार थेंब सोडले की आतली घाण आपोआप बाहेर येते." हे म्हणणं मला पटलं. तेल आतून बाहेर वाहतं, जाताना पाणी आणि माती घेऊन जातं. कमी देखभालीची इतकी सरळ रचना पुढे बघायला मिळाली नाही. पण या सायकलींना मागे ४० आणि पुढे ३२ आऱ्यांची भोकं असतात. ४० भोकांची ७००सी रिम मला इथल्या बाजारात दिसली नाही, आणि २८ इंची जाड रिम माझ्या फ्रेममध्ये मावत नाही. नाइलाजाने हा पर्याय सोडला. ज्यांची फ्रेमच काळ्या सायकलची आहे त्यांनी पुढचं काही वाचायची गरज नाही. हेच हब घ्या, तेल सोडत राहा.

दुसरा पर्याय कोस्टर हबचा, उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो ते. ब्रेकची केबलही जाते, म्हणून मोह झाला. पण इथे दुकानात मिळत नाही, आतला एखादा भाग गेला तर बाहेरून मागवावा लागेल. शिवाय चेन तुटली की मागचा ब्रेकही गेला. चढ-उताराच्या रस्त्यावर ते नको. ड्रम ब्रेकचं हब पावसात उत्तम, रिम झिजत नाही, पण किमतीतच गाडं अडतं.

एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) कॅसेट हब १३५ मिमीचं येतं. १२६ च्या फ्रेममध्ये बसवायचं तर फ्रेम ९ मिमी फाकवावी लागते. स्टील फाकतं, पण मग दोन्ही खाचा समांतर राहत नाहीत, त्या पुन्हा सरळ कराव्या लागतात. त्यात एका दातचक्रासाठी अख्खं फ्रीहब (हबलाच जोडलेली मोकळं फिरायची यंत्रणा) बाळगायचं आणि तेही पावसात सांभाळायचं, हे मला रुचलं नाही.

उरली दोन. स्वस्त गिअरवाल्या सायकलींचं आट्यांचं हब, ज्यावर गिअरच्या गुच्छाऐवजी एकच फ्रीव्हील (पायडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देणारं दातचक्र) चढवता येतं (आटे तेच, १.३७ इंच, इंचाला २४). किंवा ट्रॅक (शर्यतीच्या) सायकलचं १२० मिमीचं हब, बेअरिंगवालं, म्हणजे कोन-वाटीऐवजी आत तयार बेअरिंग बसवलेलं. पहिलं साडेचारशेचं, दुसरं चौपट महाग. पहिलं घेऊन बघायचं ठरवलं.

५ मे

३६ भोकांचं मागचं हब ₹४५०, पुढचं ₹३००. दोन्ही ॲल्युमिनियमच्या अंगाची, आत कोन-वाटी-छर्रे. मागे पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. पुढे दीड सुती, म्हणजे ३/१६ इंची, एका बाजूला १०.

मागचं हब १३५ चं आलं. गिअरच्या गुच्छासाठी उजवीकडे स्पेसर (एक्सलवर जागा भरणाऱ्या कड्या) जास्त असतात. ते ९ मिमी काढून टाकले, की थेट १२६. याचे दोन फायदे झाले. हब फ्रेमच्या मध्याच्या जवळ आलं, त्यामुळे डाव्या-उजव्या आऱ्यांच्या ताणात फरक कमी राहील. आणि फ्रीव्हीलची रेष मध्यापासून ४३ मिमीवर आली. पुढे क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) आतल्या चकतीची रेष ४२ आहे. एवढा फरक चेनला कळतही नाही.

हे काम आरे भरायच्या आधीच करायचं. नंतर एक्सल सरकवला तर रिम मध्यावर आणायला सगळे आरे पुन्हा फिरवावे लागतात.

एक्सल नटाचा घेतलाय, लिव्हरने घट्ट होणारा नाही. खाचा आडव्या असताना, उभं राहून जोरात पायडल मारलं की लिव्हरवालं चाक पुढे सरकतं आणि टायर फ्रेमला घासतो. पंधरा नंबरचा पान्हा पिशवीत टाकला की झालं.

१२ मे

आरे भरले. लांबीचा हिशेब असा: रिमचा आतला व्यास (निपल, म्हणजे आरा आवळायचे छोटे नट, टेकतात तिथला) ६०२, हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५, मध्यापासून कडा (हबच्या आरे अडकवायच्या चकत्या) डावीकडे ३३ आणि उजवीकडे २५, तीन वेळा ओलांडणी (एक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडून जातो). उत्तर आलं डावीकडे २९१, उजवीकडे २९०. दोन्हीकडे २९० घेतले. पुढच्या चाकाला २९२. स्टेनलेस, १४ गेज, एक ₹१०, एकूण ७२. गॅल्वनाइज्ड निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते, पण पावसात त्यांचे निपल गंजून बसतात आणि पुढच्या वर्षी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढताना आरा पिळवटून तुटतो.

रिम दुहेरी भिंतीच्या, ₹७५० ची एक. रिमच्या पट्ट्या ₹६० ला दोन.

आऊट काढायला स्टँड नव्हता. सायकल उलटी केली आणि ब्रेकच्या गुटक्यांचाच काटा केला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मिस्त्री काका एका चाकाचे दीडशे घेतात आणि अर्ध्या तासात करतात. ज्यांना शिकायचं नसेल त्यांनी काकांकडे द्यावं, त्या पैशांत हे काम अजिबात महाग नाही.

फ्रीव्हील १८ दाती, ₹२२०. पुढे ४२ दाती. एका पायडलच्या फेऱ्याला साधारण पाच मीटर जातं. विद्यापीठाच्या चढाला उभं न राहता चढता येतं आणि सपाटीवर ताशी २३-२४ ने कंटाळा न येता जाता येतं.

३० जून

पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले. मागच्या चाकातून कुरकुर येते. चाक हातात धरून एक्सल बोटांनी फिरवला तर कणकण लागते, रेती भरल्यासारखी.

उघडलं. उजवीकडे ग्रीस पुन्हा तसंच पांढुरकं. कोनावर बारीक खड्ड्यांची माळ सुरू झालेली. डावी बाजू अजून ठीक. उजवीकडेच का, याचं कारण फ्रीव्हील काढल्यावर दिसलं. फ्रीव्हीलच्या मागे आणि हबच्या धूळ-टोपीच्या पुढे एक पोकळी राहते, तिथे लाल चिखलाचा गोळा बसलेला. तो ओला राहतो, फडक्याने पुसायला हात पोचत नाही. पत्र्याच्या टोपीला रबर नाही, नुसती फट. पाणी तिथूनच जातं.

कामावरून बारीक कानस आणली होती. चांगला कडक केलेला कोन असेल तर कानस नुसती घसरते, ओरखडा उठत नाही. या कोनावर कानस लागली. वरचा कडक थर एकतर फार पातळ आहे किंवा नीट दिलेलाच नाही. ज्यांच्या हाताशी कानस असेल त्यांनी हब घेताना कोनाच्या टोकाला, छर्रे फिरत नाहीत तिथे, हे करून बघावं.

नवा कोन घ्यायला गेलो आणि खरी अडचण तिथे कळली. एक्सल तीन सुती, आटे तेच, त्यामुळे कोन चढतो. पण दुकानातल्या कोनाची गोलाई वेगळी आणि खांदा मोठा. एक कोन टोपीला घासत होता, दुसऱ्यात छर्रे वाटीच्या कडेवर चढत होते. ज्या हबचा कोन त्या हबलाच नीट बसतो, आणि या हबचे कोन सुटे विकले जात नाहीत. चाळीस रुपयांच्या भागासाठी साडेचारशेचं हब टाकायची वेळ आली आहे. तात्पुरतं नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस घालून जोडलं.

पुढचं हबही उघडलं. ते कोरडं, ग्रीस स्वच्छ. पुढे भार कमी, फ्रीव्हील नाही, चिखल धरून ठेवणारी पोकळी नाही. पुढच्यासाठी हेच तीनशेचं हब पुरे.

७ जुलै

आता मागे बेअरिंगवालंच हब घ्यायचं नक्की केलं, पण "सील्ड बेअरिंग" या दोन शब्दांवर विश्वास ठेवून नाही. काही हबांवर हा शिक्का असतो आणि आत कोन-वाटीच असते, वर फक्त रबराची टोपी. म्हणून विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारत गेलो: बेअरिंगचा नंबर काय? बहुतेकांना सांगता आला नाही. ज्यांनी हब उघडून वाचून सांगितला त्यांच्याकडून घेतलं. ६००१, म्हणजे १२ मिमीचं आतलं भोक, २८ चा बाहेरचा व्यास, ८ ची जाडी.

उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात जाऊन आधीच विचारून आलो, हा नंबर रोजचा आहे का. काउंटरवरच्या भाऊंनी न बघता मागच्या फळीवरून काढला. पंपात, छोट्या मोटरींत हाच चालतो. कोल्हापुरात तो कधी संपणार नाही. माझ्या दृष्टीने हब निवडायची हीच मोठी कसोटी ठरली: जे झिजणार आहे ते आपल्या गावात सुटं मिळतं का.

बेअरिंगच्या नंबरामागे येणारी अक्षरंही बघा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ती आतल्या कड्याला टेकत नाहीत, धूळ अडवतात पण पाणी नाही. २आरएस म्हणजे रबराची झाकणं, ओठ टेकलेला. पंख्यात झेडझेड चालतं कारण पंखा घरात असतो. सायकलला २आरएसच. वेगवेगळे बनवणारे वेगळी अक्षरं वापरतात: एनएसकेचं टेकणारं रबर डीडीयू, न टेकणारं व्हीव्ही. एनटीएनचं टेकणारं एलएलयू, न टेकणारं एलएलबी. दुकानदाराला "रबर सील, टच होणारं" एवढं सांगितलं तरी कळतं.

हब १२० मिमीचं, ३६ भोकं, दोन्हीकडे आटे: एका बाजूला फ्रीव्हीलचे, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड (मोकळी न फिरणाऱ्या) चकतीचे. बारीक कडेचंच मागवलं, कारण आहेत तेच आरे वापरायचे आहेत. मोठ्या कडेच्या हबला ६३ चं वर्तुळ असतं, त्याला २८७ चे आरे लागले असते आणि साडेतीनशेचा नवा खर्च. या हबचं वर्तुळ ४७, दोन्ही कडा मध्यापासून ३४. हिशेब केला तर २९०.६. हातातले २९० चे आरे चालतात.

बरेच जण पुढचं-मागचं जोडीनेच विकतात. एकटं मागचं देणारा शोधायला आठवडा गेला. कुरिअरसकट ₹१८५०.

१३ जुलै

१२० चं हब १२६ च्या फ्रेममध्ये. नट आवळले की स्टीलची फ्रेम ६ मिमी दाबली जाते आणि चाक बसतं, पण तसं करू नका. खाचा तिरक्या होतात, नट एका कडेवर टेकतो, एक्सलवर कायमचा वाक येतो. दोन्हीकडे ३ मिमीचे स्पेसर हवेत. एकावर एक वॉशर रचूनही भागतं, पण चाक काढ-घाल करताना ते घरंगळतात आणि पंक्चर रात्री झालं तर अंधारात शोधत बसावं लागतं.

उद्यमनगरात लेथवर दोन कड्या करून घेतल्या. एमएसची (साध्या स्टीलची) सळी, भोक १०.२, बाहेरून २०, जाडी बरोबर ३. दोन्ही मिळून ₹६०. टर्नर दादांना सांगितलं होतं की दोन्ही तोंडं समांतर हवीत, त्यांनी एकाच पकडीत दोन्ही कापून दिल्या. स्पेसर घातल्यावर प्रत्येक बाजूला कडीच्या बाहेर २२ मिमी आटा उरतो. खाचेची जाडी ६, वॉशर २, नट १०. बसतं.

हब मध्यावरच राहिल्याने चेनची रेष ४२ वर आली. क्रँकही ४२. कानाला फरक कळतो, चेन जवळजवळ आवाजच करत नाही.

जुने आरे पुन्हा भरताना एक पाळलं. जे आरे कडेच्या आतून गेले होते ते आतूनच, बाहेरचे बाहेरूनच. डोक्याजवळच्या वाकाला एकदा जागा मिळाली की तो उलट्या बाजूला नीट बसत नाही आणि तिथेच पुढे तुटतो.

फ्रीव्हील चढवताना अंगावर काटा येतो, कारण फ्रीव्हील स्टीलचं आणि हबचे आटे ॲल्युमिनियमचे. वाकडं चढलं तर अठराशे रुपयांचं हब गेलं. आट्यांना ग्रीस लावलं, फ्रीव्हील टेकवून आधी उलटं फिरवलं, आटा "टक्" करून जागेवर पडला की मग सुलटं, हातानेच. पान्हा लावायचाच नाही. पायडल मारताना ते आपोआप घट्ट होतं. फ्रीव्हील घेताना पुढच्या तोंडावर काढायच्या खाचा आहेत का ते बघून घ्या. नसतील तर ते फोडूनच काढावं लागतं.

एक आनंदाची गोष्ट. काळ्या सायकलचं अठरा दाती फ्रीव्हीलही याच आट्यांवर चढतं, चेनही तीच जाड, १/८ इंची. म्हणजे अडलंच तर कागल, निपाणी, कुठल्याही गावच्या सायकल दुकानात या चाकाची सोय होते. ट्रॅक सायकलसाठी घडवलेलं हब आणि दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलचं फ्रीव्हील एकमेकांना बसतात, हे मला मनापासून आवडलं.

डावीकडचे आटे रिकामे राहतात. त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, चिखल भरू नये म्हणून. तीच युक्ती उजवीकडे फ्रीव्हीलच्या मागच्या पोकळीत वापरली. हबच्या अंगाभोवती फ्रीव्हीलला चिकटून ट्यूबची कडी, बेअरिंगच्या टोपीवर ग्रीसचा जाड थर.

२४ जुलै

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आहे. माझा रस्ता नदी ओलांडत नाही म्हणून कामावर जाता येतंय, पण सखल भागांत पाणी साचतं आणि चाक बऱ्यापैकी बुडतं.

हब गप्प आहे. फ्रीव्हील मात्र बिघडलं. पायडल मारलं की कधी कधी क्षणभर पोकळ फिरतं, मग पकडतं. चढावर हे धोक्याचं. फ्रीव्हीलच्या आतले कुत्रे (दातांत अडकून चाक ओढणारे खटके) चिखलाने चिकटतात, स्प्रिंग त्यांना वेळेवर उचलत नाही.

चाक आडवं ठेवून फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या कड्यांमधल्या फटीत रॉकेल सोडलं. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. उलटं फिरवत राहिलो, काळं पाणी खालून गळू लागलं. स्वच्छ येईपर्यंत तेच. रात्रभर निथळत ठेवलं, सकाळी त्याच फटीत गिअर ऑइलचे थेंब. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरू नका. ग्रीसनेच कुत्रे चिकटतात. पुन्हा टकटक नीट येऊ लागली.

पावसाळ्यात हे दर महिन्याला करावं लागेल असं दिसतंय. पंधरा मिनिटांचं काम आहे, चाक पूर्ण उघडावं लागत नाही, तेवढं मान्य आहे.

२२ सप्टेंबर

पाऊस ओसरला, म्हणून मागचं चाक काढून तपासलं. डावं बेअरिंग लोण्यासारखं. उजवं किंचित खरखरीत. खेळ नाही, आवाज नाही, चालवताना कळलंही नसतं.

सुईने उजव्याचं रबर उचलून पाहिलं. आत पाणी गेल्याची खूण आहे, पण जास्त खटकलं ते ग्रीस. इतकं थोडं की छर्रे जवळजवळ उघडे दिसत होते. बेअरिंग कोणत्या कंपनीचं ते त्यावर वाचता येत नाही. मोटरीच्या वेगाला थोडं ग्रीस बरोबर असतं, जास्त भरलं तर तापतं. सायकलचं चाक मिनिटाला दोनशे फेरेही जेमतेम घेतं, तिथे तापायचा प्रश्न नाही. उलट आत ग्रीस भरलेलं असेल तर पाण्याला जागाच उरत नाही.

दोन्ही बदलायचं ठरवलं. २आरएस, ओळखीच्या कंपनीचं, पावती घेऊन, ₹१४० चं एक. नकली माल या धंद्यात भरपूर आहे, म्हणून पावती देणाऱ्या डीलरकडूनच घ्या.

काढणं: एका बाजूचे नट सोडवून एक्सल लाकडी हातोडीने हलकेच ठोकला, एक बेअरिंग एक्सलसोबत बाहेर आलं. दुसरं आतून गोल सळीने, फिरवत फिरवत ठोकून.

बसवणं: नवं बेअरिंग ठोकून बसवायचं नाही. १० मिमीचा आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वॉशर, आणि मध्ये जुनं बेअरिंग ढकलायला. जुन्याचं बाहेरचं कडं जरा घासून लहान केलं म्हणजे ते हबमध्ये अडकत नाही. जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर दिला तर छर्रे मार खातात आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. नट आवळत आवळत बेअरिंग सरळ आत गेलं, तळाला टेकल्याचा हाताला अंदाज येतो, तिथे थांबायचं.

बसवायच्या आधी नव्या बेअरिंगचं बाहेरच्या बाजूचं रबर उचलून पाण्याला दाद न देणारं ग्रीस भरलं. मच्छीमार बोटींसाठी मिळतं ते, छोटी डबी. पुढच्या हबचे छर्रेही बदलले. ग्रीस आणि छर्रे मिळून ₹१५०.

सगळं काम, चहा धरून, एका दुपारचं. कोन-वाटीच्या हबवर एवढ्या पावसानंतर हब फेकून द्यावं लागलं असतं.

खर्च आता असा झालाय. पहिलं मागचं हब ४५०, पुढचं ३००, रिम १५००, आरे ७२०, फ्रीव्हील २२०, पट्ट्या ६०, दुसरं मागचं हब १८५०, स्पेसर ६०, बेअरिंग २८०, ग्रीस-छर्रे १५०. एकूण ₹५५९०. थेट बेअरिंगवाल्या हबने सुरुवात केली तर ₹५१४० त होईल, आणि आरे दोनदा भरायचे कष्ट वाचतील.

१२ जानेवारी २०२५

कामावरच्या एका मित्राला हेच हब त्याच्या फ्रेममध्ये बसवायचंय. त्याच्या मागच्या खाचा १३० च्या आहेत. त्याला ५ मिमीच्या कड्या लागतील, म्हणजे कडीच्या बाहेर आटा उरेल २०. खाच, वॉशर, नट मिळून १८. जेमतेम बसतं, पण मडगार्डचा किंवा कॅरिअरचा तुकडा एक्सलवर अडकवायचा असेल तर पुरत नाही. १३५ च्या फ्रेमला साडेसातच्या कड्या, आणि मग आटा साडेसतराच उरतो. नट पूर्ण भरत नाही. तिथे लांब एक्सल घ्यायचा, त्याचे आटे एम १० बाय १ चे (१० मिमी व्यास, आट्या-आट्यात १ मिमी अंतर). साधा एम १० चा बोल्ट दीडच्या आट्यांचा असतो, तो दिसायला सारखाच पण हबच्या नटात जात नाही. उद्यमनगरातून असा एक्सल करून घेता येईल, फक्त मधला १२ मिमीचा भाग बेअरिंगच्या मापाला नेमका उतरायला हवा. मित्राच्या फ्रेमला एक्सल न बदलता भागतंय, म्हणून उद्या टर्नर दादांकडे पाचच्या दोन कड्या सांगायला जाणार आहे.